ताटाची डावी बाजू वाढवा: साखर, पचन आणि पोट भरणं, घरच्याच जेवणात काय बदलायचं

रिपोर्टमध्ये 'प्री-डायबेटिस' (म्हणजे साखर वाढलेली, पण अजून डायबेटिसपर्यंत न पोहोचलेली) असं छापून आलं की घरात पहिली गोष्ट काय होते, तर भात बंद. दुसऱ्या दिवसापासून ओट्स, पंधरा दिवसांत कंटाळा, आणि महिन्याभरात गाडी परत वरणभातावर. हे इतक्या घरांत बघितलंय की कोणी "मी भात सोडला" म्हटलं की मी नुसतं "बरं" म्हणते. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या ताटात लागतं ते सगळं आधीच आहे, फक्त प्रमाण आणि क्रम बिघडलाय. पान वाढायची पद्धत आठवा, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि उसळ-आमटी, मधे भात-पोळी. यातली डावी बाजू आपण चाटण्यापुरती ठेवली, उसळीची वाटी छोटी छोटी होत गेली, आणि मधला ढीग वाढला. बाकी सगळा लेख म्हणजे हे परत सरळ कसं करायचं त्याचंच तपशीलवार वर्णन आहे.

"मी तर बारीक आहे, मला काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपली ठेवण अशी असते, दिसायला सडपातळ पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती. २०२३ ला आलेल्या आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासात भारतात डायबेटिस असलेले साधारण १० कोटी १० लाख आणि प्री-डायबेटिसवाले १३ कोटी ६० लाख असा अंदाज आहे. म्हणजे हा विषय फक्त सुटलेल्या पोटाच्या लोकांचा नाहीये.

सुरू करण्याआधी हे वाचाच

तुम्ही डायबेटिससाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर ताट बदलायच्या आधी डॉक्टरांशी बोला. कारण जेवणातला स्टार्च (भात-पोळी-बटाट्यातला पिष्टमय भाग) कमी झाला आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, धडधड, डोकं न चालणं असं काही झालं आणि साखर मोजायच्या मीटरवर ७० च्या खाली दिसलं तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा चढते आणि इथे तर आपल्याला घाई असते. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी प्रोटीन वाढवायचा भाग स्वतःच्या मनाने करू नये, आणि गरोदर बाईने तर काहीच मनाने करू नये.

पायरी १: आधी काही बदलू नका, फक्त लिहा

तीन-चार दिवस जे खाताय ते तसंच खा आणि वहीत किंवा फोनवर लिहा. मधे एक सुट्टीचा दिवस येऊ द्या. चहा लिहा, चहाबरोबरची खारी लिहा, मुलाच्या डब्यातलं उरलेलं संपवलंत तेही लिहा (हे बायकांच्या वहीत हमखास राहून जातं). आणि प्रत्येक जेवणापुढे, परत भूक किती वाजता लागली ते लिहा. हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आठला पोहे खाऊन साडेदहाला पोटात कालवत असेल तर त्या नाश्त्याबद्दल तुम्हाला कुठल्याही डाएटिशियनपेक्षा जास्त माहिती मिळालेली आहे.

लिहिताना बहुतेकांचे डोळे उघडतात ते चहाला. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा म्हणजे आठ चमचे, साधारण ३५ ते ४० ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास ५ टक्के, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ टक्के म्हणजे जवळपास २५ ग्रॅम. म्हणजे जेवणाला हात लावायच्या आधीच कोटा संपून वर गेलेला. बिस्किटं अजून धरलीच नाहीत.

पायरी २: मोजायचं असेल तर नीट मोजा

ग्लुकोमीटर सगळ्यांना लागतोच असं नाही, पण प्री-डायबेटिस किंवा डायबेटिस असेल तर घरात असावा. उपाशीपोटी ९९ पर्यंत नॉर्मल, १०० ते १२५ प्री-डायबेटिस, १२६ आणि वर डायबेटिस. एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.४ पर्यंत प्री, ६.५ पासून डायबेटिस. हे निदानाचे आकडे लॅबमधल्या रक्ताचे आहेत बरं का, घरच्या मीटरवरून कोणी स्वतःला डायबेटिस लावून घेऊ नका.

घरच्या मीटरचा खरा उपयोग तुलना करायला. तोच भात, एक दिवस नेहमीसारखा, दुसऱ्या दिवशी उसळ-कोशिंबिरीनंतर, आणि दोन्ही वेळा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजायचं. जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून, इथे बरेच जण चुकतात. हात साबणाने धुवून कोरडे करायचे. आंबा कापून तसंच बोट टोचलंत तर मीटर बोटावरच्या आंब्याची साखर मोजतो आणि २५०-३०० बघून घरात रडारड होते. नुसतं सॅनिटायझर चोळून ती साखर जात नाही. टोचायचं बोटाच्या कडेला, अगदी टोकाला नाही, टोकाला दुखतं. आणि चांगल्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यामुळे १४२ आणि १५१ यात शोधण्यासारखं काही नाही. १४० आणि १९० यात आहे.

पायरी ३: नाश्ता

पोह्यांवर उगाच राग काढू नका. एका माणसाच्या बशीत साधारण ५० ते ६० ग्रॅम कोरडे पोहे जातात, म्हणजे ४० ते ४५ ग्रॅम कार्ब (स्टार्च-साखर मिळून) आणि प्रोटीन जेमतेम चार ग्रॅम. बाकी कांदा नावाला, दाणे मोजून आठ-दहा आणि वर शेव. आता हेच पोहे अर्धे घ्या, मूठभर दाणे घाला (२५-३० ग्रॅम दाण्यांत सात ग्रॅम प्रोटीन असतं), मटार किंवा फ्लॉवर भरपूर, आणि बाजूला एक वाटी मोड आलेल्या मटकीची उसळ. लिंबू पिळा, आंबट पदार्थ बरोबर असला तर स्टार्च पचायचा वेग थोडा कमी होतो. पदार्थ तोच राहिला, फक्त साडेदहाची भूक साडेबारावर गेली.

उपम्याचं तेच. इडली-डोशाबद्दल एक गैरसमज आहे की आंबवलेलं म्हणजे साखरेला चांगलं. पोटाला हलकं असतं हे खरं, पण इडली मऊ, बारीक वाटलेली, वाफवलेली असते, साखर झटकन वर नेते. दोन इडल्या आणि भाज्या घातलेलं घट्ट सांबार दोन वाट्या, असं उलटं प्रमाण ठेवा. हॉटेलात सांबाराची वाटी परत मागायला लाजू नका, बऱ्याच ठिकाणी फुकट असते.

मला विचाराल तर मराठी नाश्त्यात थालीपिठाला तोड नाही. भाजणीत ज्वारी-बाजरीबरोबर हरभरा डाळ, उडीद असतात, वर कांदा-कोथिंबीर किंवा किसलेला दुधी कोंबता येतो, आणि दही बरोबर असतंच. फक्त तेलाची धार जपून, आणि विकतची भाजणी घेताना मागे वाचा, बऱ्याचदा तांदूळ आणि गहूच पुढे असतात. मुगाची धिरडी, बेसनाचे पोळे, दोन अंडी आणि एक पोळी, हे सगळं चालतं.

नाश्त्यात कडधान्य असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे त्याचा परिणाम पुढच्या जेवणावरही दिसतो. सकाळी मसूर खाल्लेल्यांची दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते हे डेव्हिड जेंकिन्स यांच्या गटाने १९८२ मध्येच दाखवलंय, हे तेच जेंकिन्स ज्यांनी टोरंटोत १९८१ ला ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे कुठला पदार्थ साखर किती वर नेतो त्याचा आकडा, काढला. इंडेक्स लोकांना पाठ झाला, मसूर मात्र तिथेच राहिला.

पायरी ४: दुपारचं ताट, इथेच सगळी मेख आहे

आपल्याकडे जेवणाची सुरुवात कशी होते? गरम वरणभात, वर तूप, लिंबू. पोट रिकामं, भूक कडकडून, आणि पहिला घास मऊ शिजलेला स्टार्च. आठ-दहा घासांत तो ढीग गायब. मग पोळी-भाजी, मग परत ताकभात. कोशिंबीर तोंडी लावायला.

आता क्रम फिरवा. आधी एक मोठी वाटी कोशिंबीर, काकडी-टोमॅटो, कोबी-गाजर, मुळा, जे असेल ते, दाण्याचं कूट आणि लिंबू किंवा दही घालून. मग वाटीभर घट्ट उसळ किंवा पिठलं किंवा मासा-अंडं, नुसतं, चमच्याने, पोळीशिवाय सुरुवात करायची. पाच-दहा मिनिटं गेली की मग भाकरी किंवा पोळी, आणि भात शेवटी, थोडा. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये डायबेटिस असलेल्या लोकांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि चिकन आधी आणि ब्रेड-ज्यूस १५ मिनिटांनी असं दिलं तेव्हा तासाभराने साखर ३७ टक्के कमी दिसली, दोन तासांनी १७ टक्के. माणसं फक्त ११ होती हेही सांगायला हवं, पण नंतर इतरांनाही असंच दिसलंय, आणि करून बघायला खर्च काहीच नाही.

का होतं असं? भाजीतले तंतू (फायबर) आणि प्रोटीन आधी पोहोचले की जठर पुढे ढकलायचा वेग कमी करतं. शिवाय आतड्यातून जीएलपी-१ सारखी हार्मोन्स लवकर सुटतात, ती इन्सुलिनला तयार ठेवतात आणि मेंदूला "पुरे आता" असं कळवतात. हल्ली ज्या वजनाच्या इंजेक्शनांची एवढी चर्चा चालते ती याच हार्मोनची नक्कल आहेत. अर्थात उसळीने इंजेक्शनाएवढं काम होणार नाही, कोणी तसं विकत असेल तर पळा. पण दिशा तीच.

घरात हे करताना अडचण येते ती वाढण्याची. सासूबाईंना पान वाढताना भाताशिवाय रिकामं पान बघवत नाही, "आधी भात घे गं, गार होईल." आमच्याकडे यावर उपाय निघाला तो साधा, कोशिंबीर आणि उसळ आधी टेबलावर, कुकर नंतर उघडायचा. शिटी पडायच्या आत सगळे काहीतरी चघळत बसलेले असतात.

प्रमाणाचं सोपं गणित असं धरा: अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर (बटाटा यात नाही, तो भाताच्या बाजूला मोजायचा), पाव ताट प्रोटीन, पाव ताट भाकरी-पोळी-भात सगळं मिळून. प्रोटीनमध्ये एक फसवणूक आहे ती म्हणजे पातळ आमटी. वाटीभर आमटीत डाळ किती असते बघा तळाशी, दोन-तीन ग्रॅम प्रोटीन मिळालं तरी खूप. घट्ट वरण किंवा उसळ असेल तर सात-आठ ग्रॅमपर्यंत जातं. अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, तेवढ्याच बांगड्यात त्याच्या आसपास. दिवसाची गरज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. शाकाहारी घरात मुद्दाम लक्ष दिल्याशिवाय ते होत नाही.

भाताचं काय करायचं मग

खा. कमी, शेवटी, आणि कुठला ते बघून. शिजल्यावर चिकट होणाऱ्या तांदळात सहसा अमायलोज (सावकाश पचणारा स्टार्चचा प्रकार) कमी असतं आणि साखर पटकन चढते, मोकळा होणारा बासमतीसारखा जरा बरा. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ पॉलिशच्या पांढऱ्यापेक्षा चांगला, शिवाय चावून खावा लागतो त्यामुळे कमी जातो.

आणि शिळा भात. शिजलेला भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च अशा रूपात जातो की लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं होतो. एका अभ्यासात ताज्या भातात १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम असलेला हा स्टार्च २४ तास फ्रिजमध्ये ठेवून परत गरम केल्यावर १.६५ ग्रॅम झाला होता. म्हणजे आपला फोडणीचा भात! पण आकडे बघा, एक ग्रॅमचा फरक आहे, त्याच्या जोरावर दोन बशा फोडणीचा भात खायचा परवाना मिळत नाही. आणि भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवू नका, एका जातीचे जिवाणू वाढून उलट्या होतात आणि त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. शिजल्यावर तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये.

पायरी ५: भाकरी, पोळी आणि मिलेटचं वेड

भाकरी चांगली आहे, पण जादू नाही. ज्वारी, बाजरी, नाचणीत १०० ग्रॅममागे १० ते ११ ग्रॅम तंतू असतात आणि पॉलिशच्या तांदळात तीनच्या आत. पण न चाळलेल्या गव्हाच्या कणकेतही ११ च्या आसपास असतात, त्यामुळे पोळी सोडून भाकरी धरली की साखर धाडकन उतरेल असं होत नाही. फरक पडतो तो चाळणीने, कोंडा टाकून दिला की गव्हाचा अर्धा फायदा गेला. भाकरीचा मोठा गुण म्हणजे एका भाकरीत पोट भरतं, आणि फुलके मात्र "हलके" म्हणून पाच जातात.

नाचणीचं एक लक्षात ठेवा. नाचणीची भाकरी वेगळी आणि नाचणी सत्वाची पातळ लापशी वेगळी. धान्य जितकं बारीक, जितकं पातळ, जितकं जास्त शिजलेलं तितकं पचायला सोपं आणि साखर तितक्या वेगाने वर. आजारी माणसाला हेच हवं असतं, डायबेटिसवाल्याला नको. हाच नियम फळ आणि ज्यूसला, अख्खा ओट आणि इन्स्टंट ओट्सला.

पायरी ६: उपवास

'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे आपल्याच पूर्वजांनी म्हणून ठेवलंय, त्यामुळे माझ्यावर रागावू नका. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळपास शुद्ध स्टार्च, १०० ग्रॅमला ८५ ग्रॅमच्या वर कार्ब, प्रोटीन नगण्य, तंतू नगण्य. बशीभर खिचडीला ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा सहज लागतो, म्हणजे ६० ग्रॅमच्या वर स्टार्च, त्यात बटाटा घातलेला, वर तुपाची फोडणी, आणि बरोबर गोड दही. दाण्याचं कूट आहे म्हणून जरा तरी इज्जत वाचते. संध्याकाळी वेफर्स, रात्री भगर, मधे केळं आणि राजगिऱ्याचा लाडू. नेहमीच्या दिवसापेक्षा साखर वर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोट साफ नाही, कारण दिवसभरात तंतू गेलेलेच नाहीत.

उपवास मोडायची गरज नाही, पदार्थ बदला. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी (यात १३-१४ टक्के प्रोटीन असतं), काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर मोठी वाटी, दाण्याची आमटी, सुरण, दही, ताक, मूठभर भाजलेले दाणे किंवा मखाणे. भगर खायचीच तर ती तांदळासारखीच मोजा, अर्धी वाटी, आणि आमटी दोन वाट्या. खिचडी खायची हौस असेल तर नाश्त्याच्या छोट्या बशीत, कूट साबुदाण्याच्या निम्मं, आणि आधी काकडी. नवरात्रात नऊ दिवस धरणाऱ्यांनी, विशेषतः गोळ्या चालू असतील तर, पहिल्या माळेच्या आधीच डॉक्टरांना विचारून गोळीच्या वेळा ठरवून घ्या. दिवसभर पाणीही न घेणारे कडक उपवास इन्सुलिनवर असताना करूच नयेत.

पोट भरणं आणि साखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

लोक इथे गोंधळतात म्हणून थोडं थांबते. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ सारख्याच उष्मांकाचे देऊन कुठल्याने किती पोट भरतं हे विचारलं. पांढरा ब्रेड १०० धरला तर उकडलेला बटाटा ३२३ आला, सगळ्यात वर! आणि क्रॉसाँ ४७, सगळ्यात खाली. म्हणजे साखरेच्या दृष्टीने बदनाम बटाटा पोट भरण्यात पहिला. कारण त्यात पाणी भरपूर, वजन भरपूर, आणि नुसता उकडलेला बटाटा कोणी हौसेने जास्त खात नाही. खारी-टोस्ट-नानकटाईचं याच्या बरोबर उलट, हवा, मैदा आणि वनस्पती तूप, चहात बुडवला की चावायचंही काम नाही. उष्मांक गेले आणि पोटाला पत्ताच नाही.

अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० माणसांना दोन आठवडे पाकिटातलं अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं जेवण दिलं, हवं तेवढं खा म्हणून. ताटात वाढलेली साखर, फॅट, तंतू कागदावर सारखे ठेवलेले. तरी पाकिटातल्या जेवणावर माणसं दिवसाला ५०० च्या आसपास उष्मांक जास्त खात होती, आणि भराभर खात होती. त्यामुळे 'शुगर फ्री' किंवा 'डायजेस्टिव्ह' लिहिलेल्या बिस्किटांवर माझा काडीचा विश्वास नाही. साखर नसेल पण मैदा आहे ना, मैद्याची रक्तात साखरच होते.

मग पाचच्या चहाबरोबर काय? फुटाणे. सालासकट, मूठभर. त्याला कंटाळलात तर भाजलेले दाणे, उकडलेलं अंडं, वाटीभर ताक, मटकीची भेळ ज्यात कुरमुरे कमी आणि कांदा-टोमॅटो-काकडी जास्त. चहातली साखर एकदम बंद केली तर चिडचिड होते, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ सवय करून घेते. गूळ घातला म्हणजे साखर नाही असं कृपया समजू नका, मीटरला गूळ आणि साखर यातला फरक फारसा कळत नाही.

पायरी ७: पोट फुगलं तर

हा सल्ला ऐकून कोणी एकदम दोन वाट्या उसळ चालू करतं आणि तिसऱ्या दिवशी गॅसने हैराण होऊन सोडून देतं. कडधान्यात रॅफिनोज वगैरे साखरेचे प्रकार असतात, ते पचवायचं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते खातात आणि वायू सोडतात. हे वाईट नाही, पण जिवाणूंना सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात पाव वाटी, मग अर्धी, मग एक. मूग आणि मटकीपासून सुरुवात करा, हरभरा, राजमा, वाल नंतर. रात्रभर भिजवून ते पाणी फेका, मोड आणा, पूर्ण मऊ शिजवा. हिंग, आलं, ओवा आपल्या आज्या घालायच्याच. रोज किती तंतू हवेत तर २५ ते ३० ग्रॅम धरा, पण पाणी वाढवलं नाही तर तेच तंतू बद्धकोष्ठ वाढवतात. इसबगोल घेत असाल तर मोठा ग्लासभर पाण्याबरोबरच, कोरडा कधीच नाही, घशात अडकू शकतो. भेंडी, मेथीदाणे, इसबगोल यांचा बुळबुळीतपणा म्हणजे विरघळणारे तंतू, ते साखर शोषायचा वेग कमी करतात. पण मेथीचं पाणी पिऊन मेथी फेकून देणाऱ्यांनी तंतूच फेकून दिले, दाणे चावून खा.

दुधाने पोट बिघडत असेल तर ताक-दही सहसा चालतं. काही लोकांना गव्हाने, कांद्यानेही त्रास होतो, तो वहीत दिसेल. शौचातून रक्त, वजन आपोआप उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, किंवा चाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, यात मेथी-हिंग करत बसू नका, डॉक्टर गाठा.

पायरी ८: रात्र आणि जेवणानंतरची पंधरा मिनिटं

मालिका बघत दहाला जेवून साडेदहाला आडवं होणं, साखर आणि ॲसिडिटी दोन्हीला वाईट. साडेसात-आठ जमत असेल तर उत्तम, नोकरीमुळे जमत नसेल तर निदान रात्रीचं जेवण छोटं आणि स्टार्च सगळ्यात कमी, पिठलं आणि एक भाकरी, किंवा भाज्या घातलेली घट्ट मूगखिचडी ज्यात डाळ तांदळाएवढी किंवा जास्त. जेवल्यावर १५ मिनिटं चालायचं. शतपावली म्हणून शंभर पावलांवर थांबू नका. चालताना पायाचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि जेवणानंतर ती चढत असतानाच ओढली गेली तर शिखरच कमी होतं. पाऊस असेल तर घरात, जिन्यात, फोनवर बोलत. कुठल्याही एका सवयीचा परिणाम मीटरवर डोळ्यांनी बघायचा असेल तर हीच आधी करून बघा.

फळं, आंबा

फळ अख्खं, चावून, जेवणावर लगेच नाही तर मधल्या वेळेला. पेरू, सफरचंद, पपई, संत्रं निवांत. चिकू, केळं, सीताफळ, द्राक्षं छोट्या प्रमाणात. हापूसच्या दिवसांत दोन-तीन फोडी खा, त्या दिवशी भात वगळा, पण आमरस-पुरी म्हणजे साल-चोथ्याशिवाय वाटीभर साखर आणि वर तळलेली कणीक, ती पाडव्याला नाहीतर पाहुणे आल्यावर. उसाचा रस नकोच.

किती दिवसांनी कळेल

पोट भरणं आठवड्यात कळतं, पचन दोन-तीन आठवड्यांत. एचबीए१सी मागच्या साधारण तीन महिन्यांचा सरासरी हिशोब असतो त्यामुळे तीन महिन्यांच्या आत परत करून पैसे घालवू नका. जाताना वही बरोबर न्या, डॉक्टर दोन मिनिटं देत असतील तरी जेवणाआधी-नंतरच्या आकड्यांचं एक पान त्यांना खूप सांगतं. आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आवर्जून सांगा, आपल्याकडे बायकांमध्ये हे सर्रास असतं. लोहाची कमतरता असताना एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, मग त्या आकड्यापेक्षा उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघून ठरवावं लागतं.